मुदत संपण्याआधीच बोलणी का? फुटबॉलपटूंच्या फेरकरारामागचे गणित

नवीन जालना, प्रतिनिधी : गुढीपाडवा जवळ आला की मराठवाड्यातील गावोगावी सालगड्यांच्या सालाची बोलणी सुरू होतात. साल पाडव्याला संपते, पण बोलणी पाडव्याच्या दिवसापर्यंत कोणी थांबवून ठेवत नाही. चांगला गडी हातचा जाऊ नये म्हणून मालक होळीच्या आधीच विषय काढतो. आपल्या कामाला गावात मागणी आहे हे ठाऊक असलेला गडीही सालाचा आकडा वाढवून मागतो. मध्येच काम सोडायचे तर घेतलेली उचल फेडावी लागते, हे दोघांनाही पक्के माहीत असते. नवीन जालन्याच्या मोंढ्यात आलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र हेच एखादा व्यावसायिक फुटबॉलपटू करतो, तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठते. कराराची दोन वर्षे शिल्लक असताना तो नव्या कराराची मागणी करतो आणि 'सही केली तेव्हा आकडा मान्य होता ना?' असा प्रश्न चाहते विचारतात. वृत्तपत्रांत 'बंडखोर' असे मथळे येतात. क्लबचे पदाधिकारी निष्ठेची आठवण करून देतात. प्रश्न वरवर नीतीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ करारांच्या नियमांत आणि काळाच्या हिशेबात आहे. हा हिशेब लक्षात घेतला, तर गोव्यातील खेळाडू मुंबईला का आले, कोलकात्यातील वाद न्यायालयात का गेला आणि २०२५ साली भारतातील खेळाडूंची बोलणी एकाएकी उलट्या दिशेने का सुरू झाली, या तिन्ही प्रश्नांचा उलगडा होतो.

कराराची चौकट

जगभरातील व्यावसायिक फुटबॉलपटूंचे करार 'फिफा' या जागतिक संघटनेच्या नियमावलीत बसवावे लागतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे नियमही त्याच धर्तीवर आहेत. या नियमावलीनुसार खेळाडूचा करार किमान चालू हंगामाच्या अखेरीपर्यंत असावा लागतो आणि त्याची कमाल मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची असते. खेळाडू अठरा वर्षांखालील असेल, तर ही मर्यादा तीन वर्षांवर येते.

करार संपण्याचे दोनच सरळ मार्ग आहेत. एक, मुदत पूर्ण होणे. दोन, उभयपक्षी संमतीने तो संपवणे. ऐन हंगामात एकतर्फी करार मोडण्यास मनाई आहे. सबळ कारण नसताना करार मोडल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते. शिवाय करारानंतरचा ठरावीक काळ हा 'संरक्षित' मानला जातो. खेळाडूने अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी सही केली असेल तर हा काळ तीन वर्षांचा किंवा तीन हंगामांचा असतो, त्यानंतर केली असेल तर दोनचा. या काळात करार मोडणाऱ्या खेळाडूवर चार महिन्यांची बंदी येऊ शकते. गंभीर प्रकरणात ती सहा महिन्यांची होते.

सबळ कारण म्हणजे काय, याचेही एक उदाहरण नियमावलीतच दिलेले आहे. क्लबने किमान दोन महिन्यांचे वेतन थकवले, खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरीही पैसे मिळाले नाहीत, तर खेळाडू करारातून मोकळा होऊ शकतो. ही तरतूद २०१८ साली समाविष्ट झाली.

आता या सर्व चर्चेच्या मुळाशी असलेला नियम. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो, इतकेच नव्हे तर पुढच्या मुदतीचा करारही करू शकतो. त्याआधी त्याच्याशी बोलायचे असेल, तर इच्छुक क्लबने आधी त्याच्या सध्याच्या क्लबला लेखी कळवले पाहिजे. म्हणजे तीन वर्षांचा करार कागदावर छत्तीस महिन्यांचा असला, तरी क्लबच्या हातात पूर्ण सूत्रे असतात ती तीसच महिने. उरलेल्या सहा महिन्यांत खेळाडूला बाजार मोकळा असतो.

बोस्मनपूर्वी आणि बोस्मननंतर

हे स्वातंत्र्य खेळाडूंना सहज मिळालेले नाही. बेल्जियमचा ज्यां-मार्क बोस्मन हा लिएज क्लबचा खेळाडू. त्याचा करार १९९० साली संपला. फ्रान्समधील डंकर्क या क्लबकडे जाण्याची त्याची इच्छा होती, पण जुन्या क्लबने हस्तांतर शुल्काचा आग्रह धरला आणि बदली अडली. मुदत संपली तरी खेळाडू मोकळा होत नसे, अशी तेव्हाची पद्धत होती. बोस्मन न्यायालयात गेला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. युरोपीय संघातील खेळाडूचा करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशातील क्लबकडे जाताना शुल्क मागता येणार नाही, असे त्याने ठरले. पुढे हेच तत्त्व जागतिक नियमांत उतरले.

आपल्याकडेही कर्जापोटी माणसाला एका मालकाकडे अडकवून ठेवण्याची प्रथा होती. तिला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आळा घातला. फुटबॉलपटूची आणि वेठबिगाराची परिस्थिती एकाच तागडीत तोलता येणार नाही, हे उघड आहे. मात्र मुदत पूर्ण केल्यावर माणूस मोकळा झाला पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

बोस्मन निकालाचा एक परिणाम असा झाला, की मुदतीच्या शेवटच्या दिवशी खेळाडूची क्लबच्या दृष्टीने असलेली विक्रीकिंमत शून्यावर येते. करार संपण्याआधीची सारी घाई या एका शून्यातून जन्मते.

हिशेब कसा चालतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, बावीस वर्षांच्या एका मध्यरक्षकाने दरसाल ३० लाख रुपयांवर तीन वर्षांचा करार केला. पहिल्याच हंगामात त्याचा खेळ बहरला, राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले आणि त्याच्या तोडीच्या खेळाडूंना इतर क्लब ६० लाख देऊ लागले. जुन्या करारानुसार पुढील दोन वर्षांत त्याला मिळणार ६० लाख. बाजारभावाने मिळाले असते १ कोटी २० लाख. म्हणजे गप्प राहिला तर ६० लाखांवर पाणी सोडावे लागणार. ज्या व्यवसायात पस्तिशीच्या आसपास कारकीर्द मावळते, तिथे दोन वर्षे ही लहान गोष्ट नाही.

आता हाच हिशेब क्लबच्या बाजूने पाहू. कराराची दोन वर्षे शिल्लक असताना दुसरा क्लब या खेळाडूसाठी समजा १ कोटी रुपये हस्तांतर शुल्क देण्यास तयार आहे. वर्षभराने तोच क्लब म्हणेल, 'आणखी सहा महिने थांबलो तर तो आम्हाला शुल्काविना मिळेल', आणि ५० लाखच देऊ करेल. मुदत संपताच रक्कम शून्य. क्लबच्या तिजोरीत दिसणारी ही मालमत्ता उन्हात ठेवलेल्या बर्फासारखी वितळत असते.

अशा वेळी दोघांनाही परवडणारा मधला मार्ग निघतो. क्लब खेळाडूला नवा चार वर्षांचा करार देतो, दरसाल ५० लाखांचा. खेळाडूला पुढील दोन वर्षांत जुन्या दरापेक्षा ४० लाख अधिक मिळतात आणि त्यापुढच्या दोन वर्षांची हमीही मिळते. उद्या गुडघ्याला दुखापत झाली तरी करार कायम राहतो. क्लब बाजारभावापेक्षा १० लाख कमी देतो आणि खेळाडूची विक्रीकिंमत पुन्हा चार वर्षांसाठी सुरक्षित करतो.

जमाखर्चाच्या वहीतही क्लबला याचा लाभ होतो. दुसऱ्या क्लबकडून ३ कोटी मोजून खेळाडू तीन वर्षांसाठी घेतला असेल, तर हा खर्च दरसाल १ कोटी याप्रमाणे विभागून दाखवला जातो. दोन वर्षांनंतर १ कोटी शिल्लक असताना करार आणखी तीन वर्षांनी वाढवला, तर हा १ कोटी उरलेल्या एकूण चार वर्षांत विभागला जातो. वार्षिक भार २५ लाखांवर येतो.

म्हणूनच नव्या कराराची मागणी नेहमी खेळाडूच करतो, हा समज खरा नाही. अनेकदा पहिला दूरध्वनी क्लबकडूनच येतो. बोलणी फिसकटली तरच ती चव्हाट्यावर येतात. जुळलेल्या बोलण्यांची बातमी 'क्लबशी निष्ठा कायम' अशा गोड शब्दांत छापली जाते. दोन्ही प्रकारांत घडलेला व्यवहार मात्र एकाच जातीचा असतो.

गोव्याहून मुंबईला

या हिशेबाचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण २०२० सालचे आहे. एफसी गोवा संघाने २०१९-२० च्या हंगामात इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत अव्वल स्थान मिळवले. त्या हंगामापासून सुरू झालेली लीग विजेत्याची ढाल पटकावणारा तो पहिला संघ ठरला. त्याच हंगामाच्या उत्तरार्धात क्लबने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना पदावरून दूर केले. दुसरीकडे, सिटी फुटबॉल ग्रुप या मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ च्या अखेरीस मुंबई सिटी एफसीची बहुसंख्य मालकी घेतली होती. मुंबईने लोबेरा यांना करारबद्ध केले आणि त्यांच्यामागोमाग गोव्याच्या संघाचा कणाच मुंबईला आला.

यात दोन वाटा स्पष्ट दिसतात. मंदार राव देसाई हा मूळचा गोव्याचा. २०१४ च्या पहिल्या हंगामापासून तो एफसी गोवाकडून खेळला आणि संघाचा कर्णधारही झाला. त्याने करार संपू दिला आणि मोकळा झाल्यावर मुंबईच्या करारावर सही केली. हस्तांतर शुल्काचा प्रश्नच उद्भवला नाही. मध्यफळीतील ह्यूगो बूमू याचे तसे नव्हते. २०१९-२० चा तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि त्याचा करार शिल्लक होता. मात्र त्या करारात मुक्ततेची रक्कम आधीच नमूद केलेली होती. त्या वेळच्या वृत्तांनुसार ही रक्कम १ कोटी ६० लाख रुपयांच्या घरात होती. ती भरली गेली आणि बूमू मुंबईकर झाला.

मुक्ततेची रक्कम हे कलम म्हणजे उचल फेडून गडी नेण्याची लिखित सोय होय. आकडा फार कमी ठेवला, तर खेळाडूचा भाव वाढताच क्लब त्याला अल्प मोबदल्यात गमावतो. फार मोठा ठेवला, तर खेळाडूला ते कुलूप वाटते. म्हणूनच फेरकराराच्या बोलण्यांत वेतनाइतकीच घासाघीस या एका आकड्यावर होते.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. २०२०-२१ च्या उपान्त्य लढतीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टींवर ६-५ असे हरवले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यातील अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानचा २-१ असा पराभव करून मुंबईने विजेतेपद पटकावले. त्याच हंगामात लीगची ढालही मुंबईकडेच आली. त्यानंतर लगेच बूमू मोहन बागानकडे गेला. २०२४ साली गोव्याचा आणखी एक कर्णधार ब्रँडन फर्नांडिस करार संपल्यावर मुंबईत दाखल झाला.

गोव्याच्या चाहत्यांना हे जिव्हारी लागले, यात नवल नाही. पण क्लबने वेळेत फेरकरार केला नाही किंवा खेळाडूने तो नाकारला, की शुल्काविना जाणारा कर्णधार हा नियमांचाच भाग असतो. भारतीय लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असल्याने अडचण आणखी वाढते. एकाचे मानधन वाढवायचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागते किंवा त्याला सोडावे लागते. त्यामुळे यशस्वी हंगामानंतर सर्वांनाच एकाच वेळी खूश ठेवणे कोणत्याही क्लबला जमत नाही.

वाट चुकली तर

करार संपू देणे ही एक वाट, मुक्ततेची रक्कम भरणे ही दुसरी आणि सध्याच्याच क्लबशी फेरकरार ही तिसरी. या तिन्ही सोडून चौथी वाट धरली की काय होते, ते २०२४ मधील अन्वर अली प्रकरणात दिसले. पंजाबचा हा बचावपटू दिल्ली एफसीचा खेळाडू. तो चार वर्षांसाठी उसनवारीवर मोहन बागानकडे आला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने हा करार एकतर्फी संपवला आणि कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालशी दीर्घ मुदतीचा करार केला.

महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली. मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश अन्वर, दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगाल यांना दिला. दोन्ही क्लबांवर खेळाडू नोंदणीची बंदीही आली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कारणमीमांसा न देता काढलेला हा आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घेण्याची वेळ समितीवर आली. दरम्यान अन्वर ईस्ट बंगालकडून खेळू लागला.

या प्रकरणातून एक कायदेशीर बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतीय कायद्याने व्यक्तिगत सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. म्हणजे न्यायालय एखाद्या खेळाडूला 'याच क्लबसाठी मैदानात उतर' असे बजावू शकत नाही. क्लबच्या हाती उरते ती भरपाई आणि क्रीडासंघटनेची बंदी. भरपाई कशी मोजायची, यावर तर जगभर खल सुरू आहे. युरोपीय न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लसाना दियारा या फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणात 'फिफा'च्या भरपाईविषयक नियमांतील काही भाग युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला. त्यानंतर 'फिफा'ला त्या कलमांत बदल करावे लागले.

परदेशातील तीन धडे

ज्या क्लबांकडे पैशांची वानवा नाही, तिथेही हेच घडते. वेन रूनीचा मँचेस्टर युनायटेडशी असलेला करार २०१२ पर्यंत होता. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याने क्लब सोडण्याची इच्छा जाहीर केली. चाहते संतापले. दोनच दिवसांत त्याने त्याच क्लबशी नवा पाच वर्षांचा करार केला. आणखी काही महिने गेले असते, तर त्याला विकून मिळणारी रक्कम झपाट्याने घसरली असती. याची जाणीव क्लबला होती आणि रूनीलाही होती.

रॉबर्ट लेवांडोव्स्कीचा बायर्न म्युनिकशी करार २०२३ पर्यंत होता. बायर्नमधील आपला काळ संपल्याचे त्याने २०२२ च्या मे महिन्यात जाहीरपणे सांगितले. वर्षभराने तो शुल्काविना गेला असता. बायर्नने त्याच उन्हाळ्यात त्याला बार्सिलोनाला सुमारे साडेचार कोटी युरोंना विकले. वय चौतीस होत आलेल्या आघाडीवीराचे हे मोल एका वर्षाच्या शिल्लक करारामुळे मिळाले.

किलियन एम्बापेने उलट मार्ग धरला. करार एका वर्षाने वाढवण्याचा पर्याय आपण वापरणार नाही, असे त्याने २०२३ च्या उन्हाळ्यात पॅरिस सेंट जर्मेनला कळवले. क्लबने त्याला आशिया दौऱ्यातून वगळले. तरीही तो थांबला आणि २०२४ साली शुल्काविना रेआल माद्रिदकडे गेला. थकीत वेतनाचा वाद पॅरिसच्या कामगार न्यायाधिकरणात पोहोचला. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने क्लबला सुमारे सहा कोटी युरो देण्याचा आदेश दिला.

तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय होता आणि ज्याला थांबणे परवडत होते, त्याच्या बाजूने बोलणी झुकली. हेच सूत्र भारतात लावले, की चित्र पार बदलते.

वारे उलटे फिरले

भारतीय महासंघ आणि लीगचा व्यापारी भागीदार यांच्यातील २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. तो वाढवला जाणार की नाही, हे वेळेत ठरले नाही. जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगाम स्थगित ठेवण्यात आल्याचे क्लबांना कळवण्यात आले. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. चेन्नईयिन आणि ओडिशा या क्लबांनीही कामकाज स्थगित केले. नव्या व्यापारी भागीदारासाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबर २०२५ च्या मुदतीत एकही बोली आली नाही. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला. जानेवारी २०२६ मध्ये सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन आदी आघाडीच्या खेळाडूंनी चित्रफितीद्वारे थेट 'फिफा'ला साकडे घातले.

येथे करार खेळाडूंचा नव्हे, तर खुद्द लीगचा संपत होता. रूनीसाठी मोजला गेलेला जो काळ त्याच्या बाजूने होता, तोच काळ येथे खेळाडूंच्या विरोधात गेला. वैध, सहीशिक्क्याचे करार हाती होते. पण सामनेच नव्हते, प्रक्षेपणाचे उत्पन्न नव्हते आणि दुसऱ्या क्लबकडे जाण्याची सोयही नव्हती, कारण सर्वच क्लब एकाच नावेत होते. अशा स्थितीत फेरवाटाघाटींची मागणी आली ती क्लबांकडून, आणि ती वेतन कमी करून घेण्याची होती. अखेर सरकारच्या मध्यस्थीनंतर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी १४ क्लबांचा आणि ९१ सामन्यांचा आखूड हंगाम सुरू झाला.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० साली बंद झाला. पुणे एफसीने २०१५ नंतर आय-लीगमधून अंग काढून घेतले. मुंबई एफसी २०१७ साली आणि एफसी पुणे सिटी २०१९ साली इतिहासजमा झाले. गोव्यातून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी २०१६ साली राष्ट्रीय लीग सोडली. प्रत्येक वेळी काही खेळाडूंना दुसरा क्लब मिळाला आणि काहींच्या वाट्याला घरी बसणे आले.

त्याआधीच्या पिढीचे गणित वेगळे होते. एअर इंडिया, ओएनजीसी, टाटा, मफतलाल अशा आस्थापनांच्या संघांतील खेळाडूला करार नव्हे, नोकरी मिळत असे. पगार मोठा नव्हता, पण पाय मोडला तरी हजेरीपट असे आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी. करारी व्यावसायिकतेने आकडे कितीतरी पटींनी वाढवले आणि त्याच वेळी ही हमी काढून घेतली. गेलेल्या हमीची भरपाई मागण्याचा खेळाडूकडे उरलेला मार्ग म्हणजे वेळेत केलेला फेरकरार.

सही करण्यापूर्वी

आज राज्यातील अनेक पालक मुलांना अकादमीत पाठवतात. त्यांच्यापुढे कधी ना कधी कराराचा कागद येतो. अशा वेळी काही बाबी आवर्जून तपासाव्यात.

- करार अठरा वर्षांखालील मुलाचा असेल, तर मुदत तीन वर्षांपेक्षा अधिक नसावी. भारतीय कायद्यानुसार अज्ञानाला करार करता येत नाही, त्यामुळे पालकांची सही आणि जबाबदारी येते.
- करार महासंघाकडे नोंदवला जाणार आहे का, आणि त्याची सहीची प्रत आपल्या हाती आहे का, हे पाहावे. नोंद नसलेल्या कागदावर दाद मागणे अवघड जाते.
- 'मुदत वाढवण्याचा पर्याय' कोणाकडे आहे? तो केवळ क्लबकडे असेल, तर दोन वर्षांचा करार प्रत्यक्षात तीन वर्षांचा आहे, असे समजून चालावे.
- मुक्ततेची रक्कम नमूद आहे का, आणि ती भारतीय व परदेशी क्लबांसाठी वेगवेगळी आहे का?
- दुखापतीच्या काळातील वेतन, उपचारांचा खर्च आणि विमा यांचा स्पष्ट उल्लेख असावा.
- राष्ट्रीय संघात निवड किंवा ठरावीक सामने खेळल्यास वेतनवाढ मिळेल, असे कलम आधीच घालता येते. ते असेल तर पुढची निम्मी भांडणे टळतात.
- वेतन थकल्यास तोंडी तक्रारीवर थांबू नये. लेखी नोटीस आणि तिची पोच हाच पुढे कामी येणारा पुरावा असतो.
- मध्यस्थ एजंटकडे 'फिफा'चा परवाना आहे, याची खातरजमा करावी.

निष्ठा आणि व्यवहार

चाहत्याला खेळाडूकडून निष्ठा अपेक्षित असते आणि त्यात गैर काही नाही. मात्र क्लब खेळाडूला विकतो, तेव्हा त्याला 'फेरबांधणी' म्हणतात. खेळाडू वाढ मागतो, तेव्हा तिला 'हाव' म्हणतात. एकाच व्यवहाराला दोन मापे लावणे न्यायाचे नाही. कराराचा मान राखून, तो चालू असतानाच नव्या कराराची बोलणी करणे हा करारभंग नव्हे. अन्वर अली प्रकरणासारख्या टोकाच्या वादांपेक्षा तो कितीतरी स्वच्छ मार्ग आहे.

२०२५-२६ च्या पेचाने दुसरीही बाजू दाखवली. घासाघीस करायला आधी बाजार उभा असावा लागतो. ज्या गावात पेरणीच होणार नाही, तिथे सालाचा आकडा वाढवून मागणाऱ्या गड्याला कोण विचारणार? भारतीय खेळाडूंच्या करारांचे मोल यापुढे लीगच्या स्थैर्यावरच ठरणार आहे. पुढच्या वेळी एखादा खेळाडू दोन वर्षे आधीच नव्या कराराचा विषय काढील, तेव्हा वाचकांनी त्याच्या निष्ठेबरोबरच त्याच्या क्लबचा पुढचा हंगाम पक्का आहे का, हेही विचारून पाहावे.